एका हौशी लेखिकेचा उतारा

सरांना तिने जन्मात कधी पाहिलं नव्हतं, पण घरात त्यांचं नाव नवऱ्याच्या नावापेक्षा जास्त वेळा निघायचं. सर असं म्हणतात, सर तसं म्हणतात. नवरा वैतागून म्हणायचा, "मग विचार ना तुझ्या सरांना, आज भांडी कुणी घासायची ते!" ती हसायची आणि भांड्यांना लागायची, कारण भांडी घासताना वाक्यं जुळतात असंही सरांनीच लिहून ठेवलं होतं.

सर म्हणजे तिचे लाडके कादंबरीकार. त्यांच्या कादंबऱ्या तर तिला आवडायच्याच, पण वेड लावलं ते त्यांच्या लेखन शिकवणाऱ्या पुस्तकाने. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या नाकावर ट्रायल फ्रेम चढवायची, काचा बदलत "हे बरं की हे बरं?" विचारायचं, वाकड्या झालेल्या काड्या गरम करून सरळ करून द्यायच्या. असल्या बाईनेही लिहावं, हे तिला जगात पहिल्यांदा सांगितलं ते त्या पुस्तकाने. 'तुमच्या हाताला जे काम माहीत आहे, तिथून सुरुवात करा,' असं पहिल्याच पानावर होतं. ते वाचून ती काउंटरमागे उभ्या उभ्या रडली. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, आपला नंबर फारच वाढलेला दिसतोय.

त्या पुस्तकाच्या जिवावर तिने एक मंडळ काढलं. मंडळ कसलं, चार टाळकी. एक गाडी चालवायला शिकवणारे मास्तर, एक दवाखान्यातली सिस्टर, एक शिवणकाम करणाऱ्या तोंडाळ काकू, आणि ही, सगळ्यांची ताई. मालकाने दयेपोटी किल्ली दिली होती, म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत, अक्षरांच्या तक्त्याखाली खुर्च्या मांडून ही मंडळी बसायची. सरांच्या पुस्तकातलं एक प्रकरण मोठ्याने वाचायचं, खाली दिलेला अभ्यास करायचा, मग एकमेकांचं वाचून सोलून काढायचं. ताई सोलण्यात एकदम तरबेज. सिस्टरने एकदा वॉर्डातल्या एका मुलीवर चार पानं लिहून आणली होती. ताईने त्यांचं अर्धं पान करून टाकलं. सिस्टर रडवेली होऊन म्हणाली, "अहो पण ताई, हे खरं घडलंय." ताईने सरांचं वाक्य तिच्या तोंडावर फेकलं: 'खरं घडलं ही काही सबब नव्हे.' त्या दिवशी ताईला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

वडील गेले तेव्हा मात्र तिने स्वतःचं पान कुणाला दाखवलं नाही. ते एकच पान तिने आयुष्यात असं लिहिलं होतं, की ज्यातला एक शब्द हलवावासा वाटला नाही. ते तिने थेट सरांना पाठवलं, प्रकाशकाच्या पत्त्यावर. सोबत दोन ओळी: 'तुमच्यामुळे लिहिते. एवढं वाचाल का?' महिने गेले, वर्षं गेली. नवरा म्हणायचा, "निदान मिळालं, एवढं तरी कळवायला काय झालं?" ती त्याच्यावर खेकसायची. सर काय रिकामे बसलेत? सरांना काय तुझ्यासारखा वेळ आहे? मनातून मात्र तिने सरांचं उत्तर हजार वेळा लिहून टाकलं होतं. तिला फार काही नको होतं. पान चांगलं आहे, एवढंच त्यांनी म्हणावं. मग बाकी जगाने काहीही म्हटलं तरी तिचं काही अडणार नव्हतं.

आणि मग पुस्तकाची नवी, वाढवलेली आवृत्ती निघाली. काकूंनी चौघांच्या प्रती मागवल्या आणि सुट्टीच्या दिवशी पुडकं तसंच बांधलेलं घेऊन आल्या. नवीन प्रकरण एकच होतं, 'काय लिहू नये'. वाचायची पाळी ताईची.

"जरा आवाज चढवून वाचा हं," मास्तर म्हणाले. "मागच्या वेळेला माझा डोळा लागला होता."

"तुमचा डोळा गाडी शिकवतानाही लागतो," काकू म्हणाल्या.

ताईने वाचायला घेतलं. सरांची लेखणी नेहमीसारखी चालली होती, चुरचुरीत. मग मधेच बारीक टायपात एक उतारा आला. वर लिहिलं होतं, 'एका हौशी लेखिकेच्या हस्तलिखितातून'. ती वाचत गेली.

'नर्सने बाबांचा चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. कुणाचा तरी हात लागून त्याची डावी काडी वाकली होती. बाबा गेले असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी चष्मा उचलला. काडी तळहातात धरून गरम केली, सरळ केली, आणि चष्मा बाबांच्या डोळ्यांवर नीट बसवला. नाकावरच्या खुणांत तो बरोबर बसला. मग मी भावाला आत बोलावलं.'

शेवटच्या दोन ओळी तिने पानाकडे न बघताच म्हटल्या. इतरांच्या ते लक्षातही आलं नाही. तिची जीभ पुढे चालत राहिली, कारण पुढे सरांचा शेरा होता, आणि तो तिने वर्षानुवर्षं ऐकायची वाट पाहिली होती.

'मेलेल्या माणसाला चष्मा चढवणारी ही बाई,' सरांनी लिहिलं होतं, 'वाचकाला मात्र आंधळा समजते. रडा म्हणून एवढं हाताला धरून सांगितल्यावर कोण रडेल?'

काकू फिस्सकन हसल्या. मास्तर तर मांडीवर थाप मारून हसले. "काय माणूस आहे हो! एका वाक्यात पार धुऊन काढली बिचारीला!"

सिस्टरही हसली. आणि ताईही हसली. हसू आलं म्हणून नव्हे. तिथे हसली नसती तर कळलं असतं म्हणून.

खाली अभ्यास होता: 'हा उतारा निम्मा करा.' सगळ्यांनी माना खाली घालून लिहायला घेतलं. ताई कोऱ्या कागदावर पेन धरून बसली. नुसता संताप आला होता तिला. सरांचा, काकूंचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. हाताला माहीत असलेल्या कामापासून सुरुवात करा म्हणाला होतास ना रे? केली की! काडीच सरळ केली मी, दुसरं काय येतं मला?

पहिलं काकूंनी वाचलं. चष्मा नव्हता. सिस्टरने वाचलं. चष्मा नव्हता. मग मास्तरांनी वाचलं. बाप जातो, मुलगी बाहेर येते, भावाला सांगायला तोंड उघडते आणि विचारते, जेवलास का? संपलं.

चांगलं होतं. हेच तर दुखणं होतं, फार चांगलं होतं. ताईच्या पानापेक्षा चांगलं होतं, आणि त्यात तिचे बाबा कुठेच नव्हते.

"सगळ्यांनी चष्मा काढलात," ताई म्हणाली. "का?"

"अहो, तेवढंच तर खोटं वाटतं," मास्तर म्हणाले. "बाप मेलाय आणि ही बया काड्या सरळ करतेय? कोण करतं असं?"

"समजा, कुणी केलं असेल तर?"

सिस्टरने वर पाहिलं. तिच्या आवाजात खोच नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. "ताई, तुम्हीच सांगितलं होतंत ना मला. खरं घडलं ही काही सबब नव्हे."

आता मात्र ताईला राहवलं नाही. "ते पान माझं आहे," ती म्हणाली. आवाज इतका चिरका निघाला की तिचा तिलाच ओळखू आला नाही. "माझे बाबा होते ते. मी पाठवलं होतं सरांना. मला विचारलं नाही, सांगितलं नाही, असं... असं सगळ्यांपुढे मांडलं, हसायला. आणि तुम्ही हसलात!"

तिला वाटलं, आता हे ओशाळतील. काकू पदराने डोळे पुसतील. मास्तर कागद फाडतील. निदान माफी तरी मागतील मेले.

काकूंनी तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! म्हणजे सरांच्या पुस्तकात... तुम्ही?"

"सरांनी तुमचं पान वाचलं?" मास्तर उभेच राहिले. "स्वतः? आणि छापलं? अहो ताई, मग हे इतका वेळ बोलला का नाहीत! पान किती... थांबा, थांबा." ते भराभर पानं उलटायला लागले. "हे बघा, इथे तुमचं, आणि त्याला लागून सरांचं! एकाच पानावर!"

"अहो, त्यांनी माझी टर उडवलीय!"

"उडवू दे की! आम्हाला कोण विचारतंय?" काकू म्हणाल्या. "माझी टर उडवायलासुद्धा कुणी वाचत नाही."

सिस्टर ताईकडे बघत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण ते ताईच्या बाबांसाठी नव्हतं. "तुमचं निदान वाचलं तरी, ताई," ती म्हणाली. "माझी चार पानं कुणी वाचली? तुम्हीसुद्धा पूर्ण नाही वाचलीत."

मास्तरांनी आपली कोरी प्रत तिच्यासमोर ठेवली, ते पान उघडून, मधला भाग तळव्याने दाबून सपाट केला आणि खिशातलं पेन पुढे केलं. "करा सही. हसू नका, मनापासून सांगतोय. उद्या आमच्या ऑफिसात दाखवतो."

प्रत भिरकावून द्यावी, असं तिच्या मनात आलं. बाबा रागावले की जायचे तसं उठून ताडताड निघून जावं, असंही आलं. मग तिने पानाकडे पाहिलं. तिचे शब्द होते, एकही न बदललेला, स्वच्छ छापलेले, आणि त्यांना लागून सरांचे. तिने पेन घेतलं. उताऱ्याच्या खाली पूर्ण नाव लिहिलं. सरांच्या शेऱ्यावर रेघ जाऊ नये म्हणून जरा जपून, बारीक अक्षरात लिहिलं. आणि खोटं कशाला सांगायचं, तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला बाबा गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं. आपल्याला बरं वाटतंय हे कळलं तेव्हा तिला शिसारी आली, आणि तरी ते वाटायचं थांबेना.

"वा!" मास्तर म्हणाले आणि शाई वाळावी म्हणून पानावर फुंकर घालायला लागले.

काकू आपली प्रत पुडक्यातून काढत होत्या. सिस्टरने आपली मांडीवर तशीच मिटून धरली होती. ताईने तिच्यापुढे हात केला.

"आण इकडे," ती म्हणाली. "तुझ्या प्रतीवरही सही करते."