ताईच्या डाव्या बाजूला

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे, मित्रांनो. साच्यातून निघाल्यावर कारागिराने माझ्या पोटात बुचाची गोळी घातली, मला एकदाच फुंकलं आणि कानांवर हात ठेवून म्हणाला, "ही कुणाचं ऐकून घ्यायची नाही!"

तेव्हापासून मी ताईच्या गळ्यात आहे. ताई दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत बसून रुग्णांची नावं पुकारायची आणि संध्याकाळी बास्केटबॉलची पंच व्हायची. तिची जोडीदार म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण. दोघींनी मैदान वाटून घेतलेलं असे. एक बास्केटखाली, दुसरी मागे मधल्या रेषेजवळ. चेंडू दुसरीच्या हद्दीत गेला की तो बघायचाच नाही. आपल्या हद्दीत कोण कुणाला कोपर मारतंय, तिकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं. दोघींची शिट्टी एकदम वाजली, तर नुसती मूठ वर करून एकमेकींकडे बघायचं. एकीने मान हलवली की दुसरीने निर्णय द्यायचा. लोक त्यांचं तोंडभरून कौतुक करत आणि मी उगाच भाव खात असे.

मग ताईच्या डाव्या डोळ्याची कड अंधारत गेली. डॉक्टर म्हणाले, मैदान सोडा. ताईने घरी चकार शब्द काढला नाही. मैदान सुटलं तर आपल्याजवळ उरणार काय, या भीतीने तिची झोप उडाली होती. सामन्याआधी ती मला मुठीत आवळून धरी. माझा जीव तीळतीळ तुटे. पण मला स्वतःचा श्वास कुठे आहे? कुणीतरी फुंकल्याशिवाय मी मुकीच.

त्या दिवशी अटीतटीचा सामना होता. बास्केटखाली दोन मुली धडकल्या आणि दोन्ही शिट्ट्या एकाच क्षणी वाजल्या. ताईने मूठ वर केली, सवयीने डावीकडे बघितलं आणि बघताना तिची मान हलली. तिला तिथे कुणीच दिसलं नाही, शिट्टी आपली एकटीचीच वाजली असं वाटलं. तिने तळहातावर मूठ आपटली, म्हणजे चूक चेंडूवालीची. त्याच वेळी धाकटीने कमरेवर हात ठेवले, म्हणजे चूक अडवणारीची. प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतलं.

धाकटी धावत आली. "ताई, तू मान हलवलीस ना? म्हणून मी दाखवलं."

"तूही शिट्टी मारलीस?"

"मूठ वर करून उभी होते की!"

"कुठे?" ताईने विचारलं.

धाकटीने ताईच्या डाव्या कानाजवळ हात हलवला. ताईची पापणीसुद्धा लवली नाही. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं.

"कधीपासून गं?"

"आजचा दिवस जाऊ दे. हात जोडते तुझ्यापुढे."

"आणि कुणाचं डोकं फुटलं म्हणजे?"

ताई मैदानाबाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसली. नियमाप्रमाणे धाकटी एकटीच सामना चालवू लागली. एकटीने पुढे बघावं तर मागचं राहतं. ती जिवाच्या आकांताने धावत होती.

चेंडू पलीकडे गेला आणि धाकटीच्या पाठीमागे एका उंच मुलीने दुसरीला कोपर मारायला हात मागे घेतला. उजव्या डोळ्याने ताईला ते लख्ख दिसलं. तिने मला ओठांत धरलं. तिचा श्वास माझ्या गळ्यापर्यंत आला. फुंक गं, फुंक! पण मैदानाबाहेर बसलेल्या पंचाला शिट्टी वाजवायचा अधिकार नसतो. इतक्या वर्षांच्या शिस्तीने तो श्वास अडवला. मला ओठांतून काढून तिने घसा फोडून हाक मारली, "धाकटे, मागे बघ!" गोंगाटात ती कुणालाच ऐकू गेली नाही.

धाकटी वळली तेव्हा मुलगी तोंडावर हात दाबून खाली पडली होती आणि तिच्या बोटांतून रक्त येत होतं.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणत नाही. पण आपल्याला दिसेनासं झालं, तर पहिल्याच दिवशी जोडीदाराला सांगा. ताईने सांगितलं असतं, तर त्या दिवशी त्या मुलीच्या बाजूला ताईच्या जागी दुसरी पंच उभी असती.