गोड लागणारं पाणी

पुंडलिकराव वर्ध्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, पण त्यांचा जीव अडकलेला असे सिंदी मेघेतल्या घरात, मागच्या खोलीत. तिथे शहाऐंशी सालच्या कार्तिकात त्यांनी रक्तातली साखर मोजणारी नळी तयार केली होती. बोटाएवढी काचेची नळी, आत प्लॅटिनमची तार, टोकाशी साखर ओळखणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आणि वर दोऱ्याने बांधलेला पातळ पापुद्रा. रक्ताचा थेंब लागला की बारीकशी वीज वाहायची आणि मीटरचा काटा हलायचा. अकरा नळ्यांनी दगा दिला, तेव्हा कुठे ही बारावी वठणीवर आली. एवढा उपद्व्याप बायकोसाठी. सुलोचनाबाईंना रोज इन्सुलिन लागे, आणि लघवी तापवून रंग पाहायचा जुना प्रकार त्यांना अगदी नकोसा झाला होता.

पंधरा दिवस नळी शहाण्यासारखी वागली. त्या रविवारी अकरा वाजता मात्र काटा थेट तीनशे ऐंशीवर गेला.

पुंडलिकराव चक्रावले. सकाळी तर काटा शंभराच्या आसपास होता, शिवाय इन्सुलिनही दिलेलं. त्यांनी जुन्या पद्धतीने तपासलं, तर रंग निळाच. म्हणजे साखर नाही. मग शंभराच्या मापाने करून ठेवलेल्या ग्लुकोजच्या पाण्यात नळी बुडवली, तर काटा बरोबर शंभरावर. पुन्हा सुलोचनाबाईंच्या बोटाचा थेंब घेतला, तर तीनशे नव्वद! नळी खरी की रंग खरा? काही केल्या उलगडेना. शेवटी स्वतःच्या हातच्या वस्तूवर माणूस भाळतोच, तसे तेही भाळले. रंगाचं औषध जुनं झालं असेल, असं ठरवून त्यांनी इन्सुलिनची सिरिंज भरली.

सुलोचनाबाई सकाळपासून लोणच्याचे आवळे चिरत होत्या. त्या नादात जेवणही राहिलं होतं. कपाळावर घाम डवरला होता.

"अहो, मले कसंतरीच होऊन राह्यलं. काईच सुचत नाई."

"साखर वाढली तुही. हात दे इकडं."

"पुन्हा काऊन? सकाळीच त घेतलं."

सुलोचनाबाईंनी उगीच आवळ्याची एक फोड तोंडात टाकली, वर घोटभर पाणी प्यायल्या आणि वेड्यासारख्या हसल्या. "पाणी कसं गोड लागते पाहा!"

पुंडलिकरावांनी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला होता. त्यांचा हात थांबला.

"पाण्यात साखर टाकली का?"

"नाई जी. आवळा खाल्ला का तसंच लागते. तुम्हाले मालूम नाई?"

त्यांनी तिची बोटं पाहिली. आवळ्याच्या रसाने काळपट झालेली, नुसती पदराला पुसलेली. आवळ्यातल्या क जीवनसत्त्वानेही त्या तारेत वीज वाहते, हे त्यांना कळायला हवं होतं. जीभ फसते तशी नळीही फसली होती.

साबणाने तिचं बोट धुऊन त्यांनी नवा थेंब घेतला. काटा चाळिसावर थांबला. साखर जीव जाईल इतकी उतरली होती, आणि ते ती आणखी उतरवायला निघाले होते.

स्वयंपाकघरातला साखरेचा डबा त्यांनी पळतच आणला आणि मूठ तिच्या तोंडाशी धरली. भरलेली सिरिंज अजून दुसऱ्या हातात होती. ती खाली ठेवायचं भानही त्यांना नव्हतं.

"अहो, साखर त मले मना हाय ना?" सुलोचनाबाई गोंधळून म्हणाल्या.

"खा व माय, खा," पुंडलिकराव म्हणाले आणि लहान पोरासारखे रडू लागले.