पाच चाकांचं कुलूप

माझी बायको नलिनी गेली त्याला एकवीस दिवस झाले होते आणि मी आईला अजून सांगितलं नव्हतं. भाऊराव, माझा थोरला भाऊ, म्हणाला होता, म्हातारीला सोसणार नाही. म्हणून दिवसपाणी सगळं त्याच्या चेंबूरच्या घरी केलं. इकडे नाहूरला आईला सांगितलं, नलू माहेरी गेलीय. आई रोज विसरायची आणि रोज विचारायची. मी रोज तेच सांगायचो.

कुलूप नलिनीनेच आणलेलं. पितळी, बिनकिल्लीचं. पाच चाकं, प्रत्येक चाकावर दहा इंग्रजी अक्षरं. ठरवलेला शब्द जुळला की कडी सुटायची. आई दोनदा घरातून निघून रुळांवर जाऊन उभी राहिली होती, आणि किल्ली कुठेही लपवली तरी तिला सापडायची. इंग्रजी तिला येत नव्हतं. आम्ही दोघं कामावर गेलो की बाहेरच्या जाळीला हे कुलूप असायचं.

नलिनी मुलुंडला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दहावीत इंग्रजीला तिला चांगले मार्क होते, एवढी एकच फुशारकी ती मारायची. त्या चाकांवरच्या अक्षरांतून पाच अक्षरांचे किती शब्द होतात ते तिने एका वहीत काढून ठेवले होते. दर एक तारखेला त्यातला एक लावायची आणि माझ्याकडून घोकून घ्यायची. जूनला वॉटर, जुलैला प्लेट, ऑगस्टला ब्रेड. सप्टेंबरचा तिने लावला आणि दुसऱ्या दिवशी तिला कावीळ म्हणून इस्पितळात न्यावं लागलं. खाटेवरून म्हणाली, "अहो, नवा शब्द सांगून ठेवते." मी म्हटलं, "घरी आलीस की सांग."

तेव्हापासून मी रजा टाकून घरीच होतो. कुलूप जाळीला नुसतं उघडं लटकत असायचं. त्या संध्याकाळी मी दूध गॅसवर ठेवलं आणि कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आलो. जाळी ओढली. हात आपोआप कुलपाकडे गेला. खट्ट आवाज आला, बोटांनी सवयीने चाकंही विसकटली, आणि मग मला कळलं की नवा शब्द मला ठाऊकच नाही.

आधी ब्रेड लावून पाहिला. मग प्लेट. मग वॉटर. घाईत चाकं पुढे सरकत होती.

"काय झालं, राजाराम?" शेजारच्या वसुधाताई ऑफिसातून नुकत्याच आल्या होत्या.

मी सांगितलं. त्यांनी पर्स जमिनीवर ठेवली.

"वही कुठंय?"

वही आत होती. मी आईला हाक मारली. खिडकीपाशी बसली होती ती.

"आये, नलूची वही दी गो. कपाटार आसा."

आईने आधी रेशनकार्ड आणलं. मग नलिनीचा ब्लाऊज. तिसऱ्या खेपेला वही जाळीतून बाहेर आली. वसुधाताई वाचायला लागल्या. साठ-सत्तर शब्द होते. महिना संपला की ती त्या शब्दावर काट मारायची, पण ते ओळीने घेतलेले नव्हते, हवा तिथला उचललेला होता.

"क्लॉक."

नाही.

"हाऊस. घरातलीच नावं लावायची ना ती?"

नाही.

तोवर वरच्या मजल्यावरचा लवू आला. माझ्याबरोबर मिलमध्ये होता, आता गॅरेज चालवतो. "अरे, ही काय परीक्षा चाललीय? मी करवत आणतो, कापून टाकू." आणि धावत जिना उतरला.

दूध वर आलं. मी जाळीतून ओरडलो, "आये, गॅस बंद कर. तो शेगडीचो कान फिरव."

"नलून सांगलाहा, चुलीक हात लावचो नाय."

"मी सांगतंय ना."

"तू सांग. ती माका वरडतली."

दूध उतू गेलं, फस्स झालं आणि ज्योत विझली. थोड्या वेळाने वास आला. वसुधाताईंनी वही मिटली आणि गॅलरीतल्या पोरांना ओरडल्या, "कोणी दिव्याचं बटण दाबायचं नाही. खाली जा सगळे."

मी चाकं फिरवत होतो आणि कुठलं अक्षर आहे ते दिसत नव्हतं. बाहेर उजेड कमी होत आला होता. तेवढ्यात आई उठली, पदर खोचला आणि देवाच्या फळीकडे गेली. आगपेटी तिथेच असते.

"आये, नको."

"दिवेलागण झाली मरे. दिवो लावक नको?"

"आज नको लावू."

"घरात काळोख ठेवतंस?" तिने पेटी उचलली. समईत तेल आहे का ते वाकून पाहिलं.

मी गॅस सुटलाय म्हणालो. तिला ते कळलं नाही. शपथ घातली, तिने हसण्यावारी नेली. वसुधाताई म्हणाल्या, "आजी, पेटी मला द्या हो, माझी संपलीय." आई म्हणाली, "लावतंय नि देतंय." पेटीतून काडी बाहेर आली.

आमच्याकडे घरात कोणी गेलं की सुतकात देवाला दिवा लागत नाही, आणि बातमी उशिरा कळली तरी कळल्यापासून सुतक धरतात. हे आई विसरणार नाही, हे मला माहीत होतं. गेले वीस दिवस मी तिला रोज दिवा लावू दिला होता आणि गप्प बसलो होतो.

"आये, सुतक आसा," मी म्हणालो.

तिचा हात थांबला.

"कोणाचा?"

वसुधाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला भाऊरावाचं नाव घ्यावंसं वाटलं, गावच्या कुणा चुलत्याचं घ्यावंसं वाटलं. पण तिने पुढे विचारलं असतं, आणि मला खोटं जुळवायला वेळ लागला असता. काडी तिच्या हातात होती.

"नलिनीचा. नलिनी वारली, आये."

हे मी तोवर कोणापुढेच बोललो नव्हतो. इस्पितळातसुद्धा भाऊरावानेच सगळ्यांना सांगितलं.

आईने काडी पेटीत ठेवली. पेटी फळीवर नीट सरकवून ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्या हातांवरून नजर काढली नाही.

लवू करवत घेऊन आला. ठिणगी नको म्हणून वसुधाताई पात्यावर लोट्याने पाणी ओतत राहिल्या. लवू हळूहळू कापत होता, आणि करवतीच्या प्रत्येक ओढीला मी डोळे मिटत होतो. कडी तुटली. मी आत गेलो, कान बंद केला, खिडक्या उघडल्या, सिलिंडर लवूने गॅलरीत नेला. मग मी ओट्याला धरून उभा राहिलो.

आई माझ्याकडे बघत होती.

"माका आंघोळ करूक व्हयी," ती म्हणाली. "तू केलंस?"

"केली, आये. तेव्हाच केली."

"माका कोणी सांगूक नाय."

मी बादली भरली. पाणी गार होतं, तापवायला काही नव्हतं. ती मोरीत पाटावर बसली आणि मी तिच्या डोक्यावरून तांब्या ओतला. ती कुडकुडली, पण थांब म्हणाली नाही.