गिरिजाबाईंचा खांदा आणि मी

मित्रांनो, मला उचलायला तेवढं येऊ नका, कंबर धरेल. मी गवत कापायची जुनी लोखंडी मशीन आहे, हाताने ढकलायची. जालन्यात एका घरापुढच्या अंगणात पाण्याच्या टाकीला टेकून उभी असते. खरं सांगते, आता बोलायचंही जिवावर येतं. पण माझ्या जागी नवी मशीन कशी निवडली गेली, हे दुसरं कुणी तुम्हाला सांगणार नाही, म्हणून सांगते.

माझी चाकं बिडाची, पाती पोलादाची आणि मागचा रूळ भरीव लोखंडाचा. १९८६ साली तातेरावांनी मला विकत घेतलं. ते एमआयडीसीत बियाणं साफ करण्याच्या कारखान्यात सुपरवायझर होते. कारखान्यापुढच्या हिरवळीने त्यांना वेड लावलं होतं. स्वतःचं घर बांधलं तेव्हा त्यांनी दारापुढे तश्शीच हिरवळ केली. मला घेताना त्यांनी बाजारात बैल पाहतात तसं पाहिलं. चारी बाजूंनी फिरले, थाप मारली, दोन्ही हातांनी उचलून बघितलं. "वजन हाय. बराबर टिकंल," असं म्हणाले. तेव्हा नवी होते, मला त्या शब्दांचा फार अभिमान वाटला.

हिरवळ कसली, ती हरळीच होती. तातेरावांच्या आई तुळजाबाई राजूरकडून पहिल्यांदा राहायला आल्या आणि दारात हरळी माजलेली बघून त्यांना धक्काच बसला. दुसऱ्या दिवशी घर उठायच्या आत त्यांनी खुरपं घेऊन अर्धं अंगण साफ केलं होतं. तातेराव डोक्याला हात लावून बसले. म्हातारी म्हणाली, "अरे, आख्खा जलम ह्या हरळीला उपटण्यात गेला माझा. अन् तू तिला पानी घालून वाढवून राह्यला?" पुढे कितीतरी महिने त्या भागात माझ्या पात्यांना काही कामच नव्हतं.

पण माझे ते दिवस चांगले होते. दर रविवारी सकाळी तातेराव मला बाहेर काढत, तेल घालत, पाती घासत. मी खडखडत निघाले की शेजारपाजारचे फाटकाशी येऊन उभे राहत. दसऱ्याला मला हळदकुंकू लागे, झेंडूचं फूल मिळे. कौतुकाची सवय फार लवकर लागते, मित्रांनो.

मग तातेरावांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. हर्नियाचं. डॉक्टरांनी जड काही ढकलायचं नाही म्हणून बजावलं. त्यांना कारखान्यातले माळी आठवले. तिथे एक जण मागून मशीन ढकलायचा आणि दुसरा पुढून दोराने ओढायचा. शेतातही बैल अडला तर घरचं माणूस कोळपं ओढतंच की! त्यांनी माझ्या पुढच्या दांडीला सुती दोर बांधला आणि गिरिजाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हाक मारली. "जरा हातभार लाव गं."

ते 'जरा' कित्येक वर्षं चाललं.

गिरिजाबाई पदराची घडी खांद्यावर ठेवत, तिच्यावरून दोर घेत आणि वाकून चालू लागत. उन्हाळ्यात टँकरचं पाणी हंड्याने घालून ती हिरवळ जगवायच्याही त्याच. हळूहळू त्यांचा उजवा हात वर जाईना. स्वतःची वेणी घालता येईना. शेजारच्या नंदाबाई रोज सकाळी येऊन त्यांचे केस विंचरत.

"काय झालं वो खांद्याला?" एकदा नंदाबाईंनी विचारलं.

"वय झालं, दुसरं काय," गिरिजाबाई म्हणाल्या.

तातेराव वाईट माणूस नव्हते. बाजारातून बायकोसाठी मलम आणत, न चुकता आणत. आणि रविवार आला की तोच दोर पुन्हा तिच्या हातात देत. त्यांच्या डोक्यात या दोन गोष्टींची कधी गाठच पडली नाही. मी सगळं बघत होते. माझ्या वजनाचा मला तेव्हा वीट आला होता, पण लोखंड काय मनावर घेतलं म्हणून हलकं होतं?

शेवटी माझी मधली दांडी तुटली. वेल्डिंग करून झालं, पुन्हा तुटली. जुनी मशीन द्या, नवी न्या, अशी पाटी संपतशेठच्या अवजारांच्या दुकानात लागली होती. तातेरावांनी मला लोडिंग रिक्षात घातलं आणि ते व गिरिजाबाई माझ्या शेजारी बसले. वाटेत मला एकच काळजी होती. त्यांनी माझ्यासारखीच दुसरी घेतली तर गिरिजाबाईंचा तो खांदा कायमचा जाणार होता.

आणि तसंच होऊ लागलं. दुकानात तातेराव थेट सगळ्यात भारी लोखंडी मशीनपाशी गेले. थाप मारली, हलवून पाहिली.

"काका, ती लई जड हाय. ढकलणार कोन?" संपतशेठने विचारलं.

"मंग! एवढी वर्सं मीच ढकलून राह्यलो ना," तातेराव म्हणाले. "सगळं बराबर हाय. फक्त पुढं दोर कुठं बांधायचा, ते दाव."

संपतशेठला हसू आलं. "दोर? बैल जुंपता का काय, काका?"

"न्हाई रे, आमची मंडळी ओढती पुढून."

ते अगदी सहज म्हणाले. आणि म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू गेलं. संपतशेठचं हसू तिथेच मावळलं, त्याने गिरिजाबाईंकडे पाहिलं. त्या डाव्या हाताने उजवा खांदा धरून उभ्या होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "जिला दोर बांधायला जागाच न्हाई, अशी एखादी दाखवा."

 मग संपतशेठने एकेक दाखवायला सुरुवात केली. पेट्रोलची होती, ती जड, शिवाय चालू करायला दोरी झटक्याने ओढावी लागे. वायरवाली हलकी होती, पण गिरिजाबाई म्हणाल्या, "वायर पात्याखाली आली तर? अन् लाइट तर दिवस दिवस नसती." शेवटी त्याने वरच्या फळीवरून पुण्याहून मागवलेली एक मशीन काढली. बिनवायरीची, बॅटरीवर चालणारी.

"ही तर खेळण्यातली हाय," तातेराव पुटपुटले.

गिरिजाबाईंनी ती डाव्या हाताने उचलली. पुन्हा खाली ठेवली, पुन्हा उचलली. "हिची बॅटरी निघती का?"

"निघती ना, काकू. घरात न्यायची, लाइट असंल तवा भरून ठेवायची. छोट्या अंगणाला बिलकुल पुरती."

तातेरावांनी त्या लोखंडी मशीनवरचा हात काढून घेतला. "हीच दे," म्हणाले. माझ्याकडे बघून संपतशेठने मात्र हात जोडले. असलं धूड ठेवायला त्याच्याकडे जागा नव्हती. म्हणून मी त्यांच्याबरोबर परत निघाले.

 रिक्षात तातेरावांनी खाली बघत विचारलं, "लई दुखतंय का गं?"

"आता इचारलं?" गिरिजाबाई म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या, दमून म्हणाल्या. 

रविवारी तातेरावांनी एकट्याने नवी मशीन चालवली. ती अगदी बारीक आवाज करते. गिरिजाबाई सवयीने बाहेर आल्या आणि रिकाम्या हातांनी नुसत्या उभ्या राहिल्या. काय करावं ते त्यांना कळेना. मग त्या हिरवळीवर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना तिथे बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. थोड्या वेळाने डाव्या कुशीवर कलंडल्या आणि चप्पल पायात तशीच ठेवून भर सकाळी गाढ झोपी गेल्या. तातेराव कापत कापत त्यांच्यापाशी आले, थांबले आणि त्यांनी मशीन बंद केली. पुढचं गवत तसंच उभं राहिलं.

मित्रांनो, मला तेल घालू नका, रंगही देऊ नका. माझं काम संपलं आहे, आणि जालन्यात भंगार वितळवणाऱ्या लोखंडाच्या भट्ट्या आहेत, त्यांचं मला भय वाटत नाही. तुम्ही उद्या घरात काही नवं घ्याल, तेव्हा ते किती टिकेल हे जरूर बघा. पण त्याआधी घरातल्या माणसाला विचारा, तुझं काय दुखतंय? आणि ते माणूस "काही नाही" म्हणालं, तर पुन्हा एकदा विचारा.