पाणबुड्याचं अस्वल

मी अस्वल बोलतोय. दचकू नका, मला ना दात, ना नखं. मी आहे अंगभर घालायचा एक गरम पोशाख. मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध, आतून जाड लोकर, बाहेरून करडं कापड, पुढे लांबलचक चेन. थंड पाण्यात उतरणारे पाणबुडे वरून ड्रायसूट घालतात ना, त्याच्या आत मी असतो. ड्रायसूट पाणी अडवतो, एवढंच. ऊब द्यायचं काम माझं. पण फोटो निघतात त्याचे! आतल्याला कोण विचारतो?

मला शिवणारी बाई दिवसभर पंख्याखाली बसून घाम पुसायची. गरम कपडे शिवणाऱ्यांना उकडतं, हे मी जगात आल्या आल्या शिकलो.

मग दुकान. दुकानदार स्वतः जुना पाणबुड्या, गारठ्यानं कायमची आखडलेली दोन बोटं घेऊन गिऱ्हाइकांशी वाद घालणारा. एके दिवशी तिथे एक जोडपं आलं. नवरा तलावात काम करायचा. गावाला पाणी जातं तिथे तळाशी मोठी लोखंडी जाळी असते. तिच्यात अडकलेला गाळ आणि फांद्या काढायचं त्याचं काम. त्यानं आल्या आल्या शेजारचा एक पातळ पोशाख उचलला.

“हा बरा आहे. हलका आहे.”

“तुम्हाला हलकं हवंय की गरम?” बायको म्हणाली आणि तिनं माझ्या बाहीत कोपरापर्यंत हात घातला. हात तसाच ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. तेवढ्यात आमची सोयरीक जुळली.

दुकानदारानं विचारलं, “आत सुती बनियन घालता?”

“सवयच आहे.”

“सोडा ती सवय. सुती कापड घाम पितं आणि अंगावरच गारठतं. अंगाला पातळ लोकर, तिच्यावर हा. आता बसा उकिडवे. हात वर करा. काखेत ओढतोय का?”

भर दुकानात उठाबशा काढताना नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

“आणि एक खूणगाठ बांधून ठेवा,” दुकानदार म्हणाला. “याची ऊब म्हणजे याच्यात अडकलेली हवा. हवा माणसाला वर ओढते. म्हणून हा घातला की पट्ट्याला चार किलो शिसं जास्त लावायचं. आतला पोशाख बदलला की शिसं बदलायचं, आणि आधी उथळ पाण्यात तपासून बघायचं. विसरलात तर पाणी माफ करत नाही.”

नवऱ्यानं मान डोलावली. बायकोनंही डोलावली. मी दोघांनाही पाहिलं होतं.

घरी तिनं मला पहिल्यांदा दोरीवर वाळत घातलं आणि संध्याकाळी विसरून अंगणात आली. “अगं बाई, अस्वल!” त्या दिवसापासून माझं नाव पडलं ते पडलं.

सात हिवाळे मी त्या माणसाच्या अंगावर काढले. वर बर्फासारखं पाणी, आत मी आणि तो. त्याला भीती वाटली की मला आधी कळायचं, कारण घाम माझ्यातच जिरायचा. वर आल्यावर तो कधी कुणाला भ्यायलो म्हणून बोलला नाही. माणसांचं हे मला कधी उमगलं नाही. भिजतात एकीकडे, सुकवतात दुसरीकडे.

आठव्या हिवाळ्यात बायकोचा धाकटा भाऊ त्याच्या हाताखाली कामाला लागला. अंगानं इतका किडकिडीत की सगळे त्याला काडी म्हणायचे. तो बहिणीला ताई आणि माझ्या मालकाला दाजी म्हणायचा, म्हणून मीही आता तसंच म्हणतो. आई गेल्यावर ताईंनीच त्याला वाढवलं होतं. त्याच्या वाट्याला दाजींचा जुना पातळ पोशाख आला. पाण्यातून वर आला की त्याचे ओठ निळे पडायचे. विचारलं तर म्हणायचा, “मस्त आहे की!” आणि हात काखेत लपवायचा.

एकदा जेवताना त्याच्या हातातून पेला निसटला. ताईंनी त्याची बोटं हातात घेतली आणि जेवण तिथेच थांबलं.

“अहो, तुमच्या अंगावर मांस तरी आहे. याच्या अंगावर काय आहे? अस्वल त्याला द्या.”

“नवा मागवलाय गं. पंधरा दिवसांत येईल.”

“पंधरा दिवस हा असाच कुडकुडणार? वर गेल्यावर आईला काय तोंड दाखवू मी?”

आई मध्ये आली की दाजींचं काही चालत नसे. “बरं बाई, दिला,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाकाठच्या खोलीत काडीनं मला अंगात घातलं. “दाजी, नवरदेव झाल्यासारखं वाटतंय,” तो म्हणाला. दाजींनी माझी चेन गळ्यापर्यंत ओढली आणि स्वतः तो पातळ पोशाख चढवला.

त्या खोलीत भिंतीला खुंट्या होत्या. प्रत्येकाच्या खुंटीवर त्याचा शिशाचा पट्टा. तिथला एक नियम होता: दुसऱ्याच्या पट्ट्याला हात लावायचा नाही. कुणी गमतीतही शिशाचा ठोकळा काढू नये, घालू नये. चांगला नियम. त्यानं कितीतरी जीव वाचले असतील. जाळी तुंबून गावाचं पाणी अर्ध्यावर आलं होतं, साहेबांचा तीनदा फोन येऊन गेला होता. दोघांनी सवयीनं आपापल्या खुंटीवरून आपापला पट्टा उचलला. पोशाखांची अदलाबदल झाली, शिशाची राहिली. उथळ पाण्यात कुणी थांबलंच नाही.

मी काय करणार होतो? मला तोंड असतं तर गळा फाडून ओरडलो असतो.

खाली जायला काडीला जोर लावावा लागला. पण पाठीवर हवेनं भरलेल्या टाक्यांचं वजन होतं, आणि तो जाळी धरून धरून उतरला. तिसाव्या मीटरवर पाऊण तास काम केलं. एकदाही कुडकुडला नाही. मला, खरं सांगतो, अभिमान वाटत होता.

तोपर्यंत टाक्या रिकाम्या होत आल्या होत्या आणि हलक्याही. वर न्यायचा दोर चार हातांवर होता. एवढ्या खोलातून दोर धरून, ठरलेल्या जागी थांबत थांबतच वर यायचं असतं, नाहीतर रक्तात हवेचे बुडबुडे होतात आणि अंग लुळं पडतं. काडीनं जाळीवरचा हात सोडला आणि आम्ही दोघं वर उचललो गेलो. त्यानं पाय झाडले, तशी माझ्यातली हवा पायांकडे धावली आणि तो उलटा झाला. हवा सोडायचं बटण ड्रायसूटच्या खांद्यावर असतं. हवा पायात आणि बटण खाली, काय उपयोग?

दाजींनी त्याचं मनगट पकडलं. एका हातानं ते स्वतःच्या पट्ट्यावरचा ठोकळा सोडवून त्याला द्यायला बघत होते. ठोकळा साध्या चिमट्यात अडकवलेला असतो. पण पाऊण तास पातळ पोशाखात गारठलेली ती बोटं! चिमटा काही निघेना. तीनदा प्रयत्न केला. मग दुसऱ्या हाताचीही पकड सुटली.

जी हवा धरून मी त्याला ऊब देत होतो, तिनंच त्याला वर फेकलं. वर येताना श्वास सोडत राहायला तो शिकला होता, म्हणून फुप्फुसं फुटली नाहीत आणि जीव राहिला. काठावर आणलं तेव्हा तो म्हणाला, “दाजी, पाय कुठे गेले माझे?”

दवाखान्यात मला कात्रीनं गळ्यापासून घोट्यापर्यंत कापलं. दुखलं नाही. त्या दिवशी मला दुखून घ्यायचा हक्कच नव्हता.

दाजींनी सगळ्यांना सांगितलं की हवेचं बटण अडकलं. काडीनंही मान डोलावली. महिनाभर घरात तेच चाललं. मग एका दुपारी ताई मला धुऊन, सुई घेऊन, कापलेल्या कडा जोडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “त्या दिवशी शिसं बदललं होतं का?”

दाजींनी दार लोटून घेतलं.

“नाही.”

सुई थांबली. मला वाटलं, आता या घराचे दोन तुकडे होणार.

“मीही ऐकलं होतं दुकानात,” ताई म्हणाल्या. “अस्वल द्या म्हणताना मला एवढं आठवू नये?”

दाजी खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. ताईंनी त्यांना गप्प केलं नाही. जवळही घेतलं नाही. टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला.

आता मी पोशाख राहिलो नाही. बाह्या गेल्या, चेन गेली, चौकोनी पांघरूण झालोय. खिडकीशी काडीची चाकांची खुर्ची असते आणि मी त्याच्या पायांवर असतो. खाली तलाव दिसतो. दाजी अजून उतरतात. उतरण्याआधी पट्टा दोनदा मोजतात, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात, काठावरचे हसले तरी. तुम्हीही कुणाला आपली ऊब द्याल, जरूर द्या. पण ती घालून पाण्यात कसं उतरायचं, तेही सांगून द्या. माझं एवढंच मागणं आहे.

रोज संध्याकाळी ताई येतात, मला त्याच्या गुडघ्यांभोवती नीट खोचतात आणि विचारतात, “गार नाही ना लागत?”

त्या पायांना गेली दोन वर्षं काहीच लागत नाही. मी त्यांना घट्ट धरून असतो, मला ते ठाऊक आहे. ताईंनाही ठाऊक आहे.

“नाही गं ताई,” तो म्हणतो, “छान ऊब आहे.”