एक ते तीस

पहिला दगड केवळाबाईच्या पाठीत बसला तेव्हा अयोध्या एकवीसपर्यंत आली होती.

"बावीस. तेवीस. चोवीस." तिचा पदर नाकापर्यंत ओढलेला होता आणि त्यामागून आकडे येत होते, एकसारखे, शाळेतल्या पाढ्यांसारखे.

केवळाबाईने मागे वळून पाहिले नाही. उकिरड्याच्या काठावर गुडघे टेकून, तळव्यावर तळवा ठेवून ती व्यंकटीची छाती दाबत होती. पन्नाशी ओलांडलेला दांडगा माणूस, पण आता प्रत्येक दाबाबरोबर त्याचे डोके नुसते डुलत होते. शर्ट फाटून बाजूला गेला होता. उजव्या खांद्यापासून बेंबीपर्यंत झाडाच्या मुळ्यांसारखे तांबडे वळ उठले होते. वीज पडून चार मिनिटेही झाली नव्हती.

"सोड त्याला, सटवे," हनुमंत ओरडला. तो व्यंकटीचा धाकटा भाऊ. एका हातात फावडे होते, दुसऱ्यात पुढचा दगड. "नवरा गेला त्याचा सूड आज उगवून राहिली का?"

दुसरा दगड तिच्या नारिंगी जाकिटाला चाटून गेला.

"तीस," अयोध्या म्हणाली. "पुन्हा एक."

ते नारिंगी जाकीट मार्चपासून गावाच्या थट्टेचा विषय झाले होते. तहसीलमधून पत्र आले होते की उन्हाळ्यासाठी गावोगाव आपत्तीचे स्वयंसेवक हवेत, बिनपगारी. तरुण पोरांनी जाकिटासाठी नावे दिली आणि आठवड्याभरात ती पुण्याला कामावर निघून गेली. उरल्या त्या घरच्यांची परवानगी मिळालेल्या चार बायका आणि परवानगीची गरजच न उरलेली केवळाबाई, वय सहासष्ट. नांदेडहून शिल्पा मॅडम गावच्या शाळेत शिकवायला आल्या. ऊन लागलेल्या माणसाला ओल्या धडप्यात कसे गुंडाळायचे, स्टँडवरचे रांजण कोणी भरायचे, ढग गरजला की झाडाखालची माणसे कशी हलवायची. शेवटी छाती दाबायची कशी ते. शिकवायला बाहुला नव्हता. केवळाबाईच्या मुलाने, रामलिंगने, सरकीने भरलेले पोते आणून टाकले आणि त्यावर कोळशाने मिशा काढल्या.

"तीन बोटं खोल दाबायचं," शिल्पा मॅडम म्हणाल्या. "कधीकधी बरगडी मोडते. मोडली तरी थांबायचं नाही. बरगडी पुन्हा जुळते."

पोत्यावर सगळ्यांत चांगला हात बसला तो अयोध्याचा. ती व्यंकटीची सून. केवळाबाईने त्या दिवशी एकच प्रश्न विचारला होता.

"वीज पडलेल्याला आमच्याकडं शेणात पुरतेत, मानेपर्यंत. अंगातली आग निघते म्हणतेत. निघते का?"

"काही निघत नाही, मावशी. नुसता वेळ जातो."

केवळाबाई मग पोत्याकडे बघत बसली. ती लग्न होऊन या गावात आली त्या उन्हाळ्यात तिच्या अकरा वर्षांच्या नणंदेवर, बसम्मावर, वीज पडली होती. बसम्माला मानेपर्यंत शेणात ठेवले आणि माश्या वारायला बाजूला सोळा वर्षांच्या नव्या सुनेला बसवले. बसवल्यानंतर थोड्याच वेळात बसम्माची पापणी एकदा हलली. तिने उठून सांगितले. सासू म्हणाली, वाऱ्यानं हलली असंल. दिवस मावळता बसम्माला शेणातून मेलेलीच बाहेर काढली. पन्नास वर्षांत केवळाबाई पुष्कळ काही विसरली, सासूचा चेहरासुद्धा. त्या दुपारी वारा नव्हता हे मात्र विसरली नाही.

आज चारच्या सुमारास पश्चिमेकडून काळे ढग आले. चव्वेचाळीस डिग्रीत दिवसभर भाजलेले गाव गार झुळकीला घराबाहेर पडले आणि केवळाबाई शिट्टी वाजवत गल्लीतून निघाली. गावाच्या कडेला व्यंकटीचा आखाडा होता, शेतातला गोठा आणि त्याच्यापुढे एक जुनी चिंच. तिथे कडब्याच्या गंजीवर ताडपत्री ओढायची घाई चालली होती. वाटेवर तिचे पाय थांबले. अकरा वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणात व्यंकटीने कुदळीच्या दांड्याने तिच्या नवऱ्याच्या, नागप्पाच्या, तीन बरगड्या मोडल्या होत्या. नवव्या दिवशी नागप्पा गेला, एकेका श्वासाला महाग होऊन. कोर्टात कोणीच काही पाहिलेले नव्हते.

तिने शिट्टी तोंडात धरली आणि जोरात फुंकली.

"कंडक्टरबाई," हनुमंत गंजीवरून म्हणाला, "मुखेडची गाडी लागली का?"

खालची माणसे हसली.

"खाली उतर. चिंचेखालून हला सगळे. आत जावा."

"तिकीट काढलं न्हाई आम्ही."

व्यंकटी चिंचेच्या बुंध्याला दोर बांधत होता. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिले, अकरा वर्षांत पहिल्यांदा. मग खाली बघून त्याने दोराला आणखी एक गाठ मारली.

आणि सगळे पांढरे झाले.

तिला दिसू लागले तेव्हा चिंचेची साल वरून खालपर्यंत सोलली गेली होती. व्यंकटी बुंध्यापासून दोन हात लांब पालथा पडला होता. हनुमंत गंजीवरून घसरून खाली आला होता, कानातून रक्त येत होते. बाकीची माणसे लांब सरकून उभी राहिली. वीज पडलेल्या माणसाला शिवले की झटका बसतो, असे सगळे लहानपणापासून ऐकत आले होते. हनुमंतने एकट्याने भावाला काखेत धरून उकिरड्यापर्यंत फरफटत नेले आणि शेण उकरायला फावडे आणण्यासाठी तो गोठ्याकडे पळाला.

तेवढीच सवड होती. केवळाबाईने व्यंकटीच्या नाकाशी गाल नेला. गालाला काही लागले नाही. गोठ्यामागून अयोध्या एकशेआठला फोनवर गावाचे नाव सांगत धावत आली. ज्या हातांना मॅडमनी शाबासकी दिली होती ते हात तिने पुढे केले आणि मागे घेतले. चार वर्षांच्या संसारात ती सासऱ्यासमोर कधी मोठ्याने बोललेली नव्हती. आणि समोर सात-आठ पुरुष उभे होते.

"तू मोज," केवळाबाई म्हणाली.

आता तिसरे तीस चालू होते. सत्ताविसाव्या दाबाला केवळाबाईच्या तळव्याखाली काहीतरी कट्कन मोडले, वाळली तुराटी मोडावी तसे. ती किंचित थांबली. ओठ मिटले. त्यानंतरचे तीन दाब तिने आधीच्यापेक्षा जोरात दिले.

हनुमंतच्या फावड्याचा दांडा तिच्या उजव्या खांद्यावर बसला. ती व्यंकटीच्या अंगावर कलंडली, उठली आणि पुन्हा हात ठेवले. दुसरा घाव आलाच नाही. वाटेवरून पळत आलेल्या रामलिंगने हनुमंतला कमरेत धरून आपटले होते. दोघे शेणात लोळले. रामलिंग त्याच्या छातीवर बसला आणि तोंडावर बुक्क्या घालू लागला. एक, दोन, तीन. दात तुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कोणी पुढे झाले नाही. मग रामलिंगने उठून फावडे उचलले.

"रामलिंग. टाक ते. इकडं ये."

"माय, सोड त्या मढ्याला."

"माझे हात गेले. तू ये."

"ह्याच्यासाठी?" फावड्याचे पाते हनुमंतच्या गळ्याशी होते. "माझ्या बापाला नऊ दिवस लागले. ह्याला तर काय झालं ते कळलंबी न्हाई. जाऊ दे."

"मेला तर आपण मारला म्हणतेल."

"म्हणू दे. लई बरं वाटंल ऐकायला."

"दोन मिनिटं कवाच झाली," अयोध्या म्हणाली. "माणूस बदला. तेरा. चौदा."

केवळाबाईचे कोपर वाकू लागले होते. उजवा हात नुसता ठेवल्यासारखा राहिला होता. दाब वरवरचा पडतो आहे हे तिचे तिलाच कळत होते.

"पोतं तू भरलंस," ती धापा टाकत म्हणाली. "खिडकीत उभं राहून बघितलंस, हसलास. ये. जितका राग हाय तितका लाव. तितकाच लागतो."

रामलिंगने पाते गळ्यावरून काढले. मग त्याने फावडे लांब उकिरड्यात भिरकावले, गुडघे टेकले आणि व्यंकटीच्या छातीवर हात रोवले. एकोणीस वर्षांचा असल्यापासून त्या छातीवर त्याचा डोळा होता. पहिल्याच दाबाला व्यंकटीची पाठ शेणमातीत रुतली.

"इतकं भरभर न्हाई," अयोध्या म्हणाली. "माझ्या आकड्यावर. सहा. सात."

कट्. थोड्या वेळाने आणखी एकदा, कट्. रामलिंगच्या दातांतून काहीतरी निघत होते. ते रडणे होते की शिव्या, ते कळत नव्हते.

हनुमंत रक्ताळल्या तोंडाने उठला. गंजीला टेकवलेली वेळूची काठी त्याच्या हाती लागली. ती त्याने रामलिंगच्या पाठीत घातली. रामलिंग थांबला नाही. दुसरी बसली. तिसरीला सदरा फाटला. प्रत्येक काठीबरोबर रामलिंग पुढे झुकत होता आणि तेवढा अधिक भार व्यंकटीच्या छातीत उतरत होता. केवळाबाई हनुमंतच्या पायांना धरायला गेली. त्याने तिला लाथेने दूर सारले.

सातव्या काठीनंतर अयोध्या मोजता मोजताच उठली आणि काठी व रामलिंगची पाठ यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. पदर खांद्यावर घसरला होता. तिने तो तसाच राहू दिला.

"काका, मला मारा," ती म्हणाली. "मोजणी मोडू नका. सतरा. अठरा."

काठी वरच राहिली. तिच्या उघड्या चेहऱ्याकडे बघणे हनुमंतला जमेना, म्हणून तो तिच्या पायांकडे बघू लागला.

कोरडा हापसा हापसता हापसता कधीतरी खोलवर पाणी धरतो, तसा आवाज व्यंकटीच्या गळ्यातून आला. मग खोकला. मग लांब, खरखरीत श्वास.

"थांब," केवळाबाई म्हणाली.

रामलिंग दाबत होता.

"थांब म्हणलं ना. झालं."

तिने त्याची मनगटे धरली, तरी ते हात आणखी दोनदा खाली गेले.

पाऊस आलाच नाही. ढग तसाच नायगावच्या अंगाला निघून गेला. रुग्णवाहिका आली तेव्हा परत ऊन पडले होते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रामलिंग ओसरीत पालथा पडला होता. पाठीवर सात वळ होते. केवळाबाई सहाणेवर आंबेहळद उगाळून डाव्या हाताने लावत होती, कारण उजवा खांद्याच्या वर जात नव्हता. वरचे पत्रे उन्हाने तडतडत होते.

अयोध्या दाराशी आली. अकरा वर्षांत त्या घरातले कोणी या दाराशी आले नव्हते. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. साडीवर नारिंगी जाकीट होते.

"मामा शुद्धीवर आले, मावशी. विष्णुपुरीच्या दवाखान्यातून फोन आलता. तीन बरगड्या गेल्यात म्हणले."

"तीन," केवळाबाई म्हणाली.

"हाव. काका ठाण्याला निघाले व्हते सकाळी, केस करतो म्हणून. मी म्हणलं, चला, मीबी येते. मोजत मी व्हते, माझं नाव आधी लिवा म्हणावं."

"मग?"

"गेले न्हाईत. तोंड सुजलंय. साहेबापुढं बोलायचं कसं म्हणून बसलेत."

रामलिंगची पाठ हसल्यासारखी हलली आणि लगेच आखडली.

"आत ये. पाणी घे."

"न्हाई, स्टँडवरचे रांजण भरायचेत. आज माझी पाळी." ती जाता जाता वळली. "तुमच्या पाळीलाबी मीच भरते. खांदा बरा होऊ द्या."

ती गेल्यावर हळदीचा हात पुन्हा फिरू लागला.

"माय."

"हं."

"लोक म्हणून राहिलेत, रामलिंगनं जीव वाचवला." त्याने तोंड भिंतीकडे केले. "तसं काय नव्हतं माझ्या मनात. पहिली मोडली ना, तवा लई बरं वाटलं मला. इतकं बरं अकरा वर्षांत वाटलं नव्हतं. कुणाला तरी सांगावं म्हणलं."

केवळाबाईची बोटे त्याच्या पाठीवर थांबली. वाटीतली हळद संपली होती. तिने सहाण पुढे ओढली आणि तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकले.

"तुझ्या हातानं किती गेल्या?"

"तीन. आत्ता अयोध्या म्हणली की."

"दोन," ती म्हणाली, आणि हळद उगाळू लागली.