उजवा हेडलाइट, फुटलेला

काकांच्या गाडीबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत, हे या घरात मुलांना लहानपणीच शिकवतात. मी त्याच गाडीचा उजवा हेडलाइट बोलतोय. मला कुणी काही शिकवलेलं नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा उजेड पिवळसर आणि मवाळ होता. काकांना तो बुळचट वाटला. त्यांनी कॉलेजात गाड्यांचं काम शिकलेल्या पुतणीला कामाला लावलं. तिनं मला स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये शेकलं. कडेचा काळा डिंक मऊ होताच काच उचकटली, पांढराफटक दिवा बसवला आणि नवा डिंक भरून मला पुन्हा बंद केलं.

"काका, थोडा खाली वाकवू या. समोरच्याचे डोळे दिपतील."

"दिपायलाच हवेत. तू डिंक लाव, अक्कल लावू नकोस."

त्यानंतर काका मला लोकांवर उगारायचे. एका संध्याकाळी समोरून पाववाला सायकलवर आला. त्यानं डोळ्यांवर हात धरला. काकांनी शिवी हासडली, ब्रेक दाबला नाही. त्याच्या पायावर मी फुटलो. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यात जवळून मी ऐकला. काका थांबले नाहीत.

पाववाला जगला, पाय गेला. पोलीस फुटक्या दिव्याची गाडी शोधू लागले. गॅरेजवाला तोंड उघडेल, म्हणून मी पुन्हा स्वयंपाकघरात आलो.

"कुत्रं आडवं आलं," काका म्हणाले.

"नवी काच बसव आणि विषय संपव," पुतणीची आजी म्हणाली. "घरचं माणूस आहे."

"लवकर उरक," तिच्या बाबांनी खिडकी लावून घेतली.

पुतणीनं मला शेकून काच सोडवली. खाचेतल्या डिंकात निळ्या कापडाची चिंधी रुतली होती, रक्तानं कडक झालेली.

"कुत्र्यानं निळी पँट घातली होती का, काका?"

काकांनी तिच्या कानाखाली वाजवली. ती ओट्यावर आदळली, ओठ फुटला, रक्त माझ्यावर ठिबकलं. काकांनी चिंधी उपटायला हात घातला. तिनं ओव्हनमधला तापलेला ट्रे मध्ये धरला. बोटं भाजली तसे ते ओरडत मागे सरले.

तिनं मला चिंधीसकट टॉवेलात गुंडाळलं. माझ्या तारा बाहेर लोंबत होत्या.

"हा मी जोडणार नाही," ती म्हणाली. "चौकीत नेतेय. काय झालं ते तिथे सांगणार, दिवा मीच बसवला तेही सांगणार. आजी, बाबा, कुणाला अडवायचं असेल तर आत्ता अडवा."

बाबा दारातच उभे होते. ते बाजूला झाले. आजीनं तोंडाला पदर लावला. काका नळाखाली हात धरून राहिले. ती मला घेऊन बाहेर पडली.